पॅच हवाच, पण त्याच्यासोबत बाकीचं सगळं का?

डेस्कटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं मोठं अपडेट आलं की ठरलेला वाद परत सुरू होतो, आणि दर वेळी तो चुकीच्याच मुद्द्यावर घातला जातो. एका बाजूचं म्हणणं असं की लोकांना बदल नकोच असतो, २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा तिच्या निळ्या-हिरव्या रंगांनाही खेळण्यातली सिस्टीम म्हणून नावं ठेवली होती आणि पुढे तीच एक्सपी सोडायला लोक वर्षानुवर्षं तयार नव्हते, मग अशा तक्रारी मनावर कशाला घ्यायच्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, विंडोज ७ हीच शेवटची चांगली सिस्टीम, त्यानंतरचं प्रत्येक फीचर म्हणजे कंपनीने गळ्यात मारलेलं काहीतरी. मग स्टार्ट मेनू डावीकडे बरा की मध्ये, विंडोचे कोपरे गोल बरे की चौकोनी, काचेसारखा पारदर्शक मेनू वाचता येतो की नाही, यावर तासन् तास भांडण. माझं मत असं की कुठलं फीचर चांगलं आणि कुठलं वाईट हा दुय्यम प्रश्न आहे. मुख्य प्रश्न हा की सुरक्षेची दुरुस्ती, म्हणजे पॅच, आणि नवीन फीचर ही दोन पूर्णपणे वेगळी कामं एकाच गाठोड्यात बांधून का पाठवतात. सुरक्षेचा पॅच प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर आपोआप आणि लवकरात लवकर गेलाच पाहिजे, त्याची सक्ती असली तरी माझी हरकत नाही. पण फीचर विचारून यावं, न विचारता आलंच तर बंद अवस्थेत यावं, आणि त्याच्यासाठी जुनं काही काढणार असाल तर परतीचा रस्ता ठेवावा.

सक्ती चालेल असं मी विचार करूनच म्हणतोय. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला. १२ मे ला वॉनाक्राय नावाचा, फाइल्स अडवून पैसे मागणारा वर्म पसरला, म्हणजे पॅच येऊन जवळपास दोन महिने झाले होते, तरी दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यात अडकले, फाइल्स कुलूपबंद झाल्या, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला पेशंटच्या हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. हा वर्म कोणी लिंकवर क्लिक करायची वाट बघत नव्हता, एका कॉम्प्युटरवरून शेजारच्या कॉम्प्युटरवर आपला आपण जात होता. त्यामुळे माझा कॉम्प्युटर, माझी मर्जी, हा युक्तिवाद पॅचच्या बाबतीत टिकत नाही, कारण माझ्या मशीनमधलं उघडं भोक दुसऱ्याच्या हॉस्पिटलपर्यंत पोचू शकतं. चांगला पॅच लावल्यावर सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर काल होता तसाच दिसतो, आणि तो तसाच दिसला पाहिजे. त्यात आवडीनिवडीला जागा नाही.

फीचरचं तसं नाही. फीचर माझ्या हाताच्या सवयीत हात घालतं. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा टास्कबार नव्याने लिहिलेला होता, आणि नव्याने लिहिताना बऱ्याच गोष्टी मागे राहिल्या. टास्कबार स्क्रीनच्या बाजूला किंवा वर नेता यायचा, ही सोय विंडोज ९५ पासूनची, ती गेली. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर न्यायची आणि तिथून उघड्या विंडोत सोडायची, ही सोय गेली, ती २०२२ मध्ये परत आली. प्रत्येक विंडोचं नाव टास्कबारवर वेगवेगळं दिसायचं तेही गेलं, ते परत यायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. राइट क्लिकचा मेनू छोटा केला आणि जुना मेनू आणखी एका क्लिकच्या मागे ढकलला. यातली एकेक गोष्ट सांगायला गेलं तर क्षुल्लक वाटते, पण ज्या माणसाचं दिवसभराचं काम वीस विंडो उघडून हिशोब जुळवण्याचं आहे त्याच्यासाठी टास्कबारवरचं नाव म्हणजे कामाची दिशा असते, ती दोन वर्षं काढून घेतली आणि मग परत दिली. परत दिली याचाच अर्थ ती काढायला नको होती हे कंपनीलाही पटलं ना? आणि हा एकट्या मायक्रोसॉफ्टचा दोष नाही. ॲपलने २०११ मध्ये मॅकच्या लायन व्हर्जनमध्ये ‘सेव्ह ॲज’ काढून टाकलं आणि त्या जागी डुप्लिकेट आणलं, पुढच्या वर्षी माउंटन लायनमध्ये ते परत आलं पण ऑप्शन की दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. त्याच २०११ मध्ये लिनक्सच्या जगात ग्नोम ३ हे डेस्कटॉपचं नवं रूप आलं आणि मिनिमाइझचं बटणच डिफॉल्टमधून गायब झालं, तिथे निदान एवढं झालं की कोड खुला असल्यामुळे लोकांनी ग्नोम २ चा धागा उचलून माटे नावाने पुढे चालवला. बंद कोडवाल्यांच्या वापरकर्त्यांना हा रस्ता नसतो.

आता समोरच्यांचे मुद्दे घेतो, कारण त्यातले काही खरंच भक्कम आहेत. पहिला, नवीन फीचर्स लागतातच. हे मला शंभर टक्के मान्य आहे. तुम्ही हा लेख देवनागरीत वाचताय, तो वाचता येतो कारण कधीतरी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये युनिकोड आणि अवघड लिप्या जोडून दाखवणारी यंत्रणा हे ‘नवीन फीचर’ म्हणून आलं होतं. एक्सपीमध्ये देवनागरी, थाई, अरबी अशा लिप्यांचा सपोर्ट सेटिंगमध्ये जाऊन वेगळा चालू करावा लागायचा, बहुतेक वेळा इन्स्टॉलेशनची सीडीपण लागायची, तिच्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून तो आपोआप मिळायला लागला. त्या आधी प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे गेली की नुसती अगम्य अक्षरं. तसंच २००७ मध्ये मॅकवर टाइम मशीन आलं आणि बॅकअप ही सामान्य माणसाला जमणारी गोष्ट झाली. विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटमध्ये लाइव्ह कॅप्शन्स आले, कॉम्प्युटरवर वाजणाऱ्या कुठल्याही आवाजाचे शब्द स्क्रीनवर दिसतात, तेही आवाज बाहेर कुठे न पाठवता, ऐकू न येणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे. त्यामुळे विंडोज ७ वर सगळं थांबायला हवं होतं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आणि ज्या विंडोज ७ चं ते एवढं कौतुक करतात तिचा पाया व्हिस्टाचा होता, ड्रायव्हरची नवीन रचना, परवानगी विचारणारी खिडकी, हे सगळं व्हिस्टाने आणलं, शिव्या व्हिस्टाने खाल्ल्या आणि तोपर्यंत ड्रायव्हर बनवणारे तयार झाल्यामुळे नाव विंडोज ७ चं झालं.

दुसरा मुद्दा जास्त ताकदीचा आहे. लोक आधी विरोध करतात आणि नंतर त्यांना सवय होते, त्यामुळे लोकांना विचारून बदल करायचा ठरवलं तर काहीच बदलणार नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कॉम्प्युटरच्या बाहेरचं आहे. स्वीडनमध्ये वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालायची, शेजारच्या देशांत उजवीकडून. १९५५ मध्ये तिथे सार्वमत घेतलं तर जवळपास ८३ टक्के लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं. तरी १९६३ मध्ये संसदेने निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे अख्खा देश डावीकडून उजवीकडे गेला. लोक शिकले, आज तिकडे कोणी परत डावीकडे जाऊया म्हणत नाही. मग अपडेटवाल्यांचं बरोबरच नाही का?

नीट बघितलं तर स्वीडनचं उदाहरण उलट बाजूने बोलतं. निर्णय आणि अंमलबजावणी यांच्यात चार वर्षं होती. कारण उघड होतं आणि ते चालवणाऱ्याच्या भल्याचं होतं, तिथल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग आधीच डाव्या बाजूला असायचं आणि सीमेपलीकडे वाहतूक उजवीकडून. घरोघरी माहितीपत्रकं गेली, चौकाचौकातल्या पाट्या आणि सिग्नल बदलले, त्या पहाटे बाकीची वाहतूक बंद ठेवली आणि जी वाहनं रस्त्यावर होती त्यांना थांबून, बाजू बदलून, परत थांबून मगच पुढे जायला सांगितलं. आणि मुख्य म्हणजे हे एकदा केलं. दर सहा महिन्यांनी रात्री झोपेत बाजू बदलली असती तर लोकांना सवय झाली असती का? आणि निर्णय घेणारे संसदेत होते, त्यांना पुढच्या निवडणुकीत जाब विचारता येत होता. टास्कबार कुठे असावा हे ठरवणाऱ्याला मी काय विचारू शकतो? लोक बदल स्वीकारतात हे खरंच आहे, पण कारण सांगितलं, वेळ दिला आणि ठरवणाऱ्याने जबाबदारी घेतली तर. यातलं काही न करता फक्त शेवटचा ‘लोकांना सवय होते’ एवढा भाग उचलायचा हे प्रामाणिक नाही.

शिवाय सवय होते हे नेहमी खरंही नसतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्टचं बटण काढलं, टॅब्लेटसाठी बनवलेली मोठ्या चौकोनांची स्क्रीन माउस-कीबोर्ड वापरणाऱ्यांसमोर उभी केली, तेव्हाही सांगितलं गेलं की वापरा, सवय होईल. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं आणि विंडोज १० मध्ये मेनूही परत आला. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या उबुंटूने युनिटी नावाचा स्वतःचा डेस्कटॉप कित्येक वर्षं चालवला, २०१७ मध्ये तो सोडून परत ग्नोमकडे गेले. मग कुठला विरोध सवयीचा आणि कुठला खरा हे आधी कसं ओळखायचं? मला यावर एकच उपाय दिसतो, तो म्हणजे नवं आणि जुनं काही काळ शेजारी शेजारी ठेवणं आणि लोक आपण होऊन कुठे जातात ते बघणं. जुनं काढून टाकून नवं दिलं आणि मग आकडे दाखवले की बघा, इतके कोटी लोक वापरतात, तर त्या आकड्यातून काहीच कळत नाही, दुसरा रस्ता होताच कुठे? सक्तीने दिलेल्या फीचरबद्दल लोकांचं खरं मत काय ते बनवणाऱ्यालाही कधी समजत नाही, आणि माझ्या मते यात सगळ्यात मोठं नुकसान चांगलं काम करणाऱ्या इंजिनिअरांचं होतं, कारण त्यांच्या चांगल्या फीचरलाही लोक त्याच संशयाने बघायला लागतात.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड. सुरक्षा आणि फीचर या दोन गोष्टी सुरीने कापल्यासारख्या वेगळ्या करता येत नाहीत, कधी कधी सुरक्षेसाठीच मोठा बदल करावा लागतो. बरोबर आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म पसरला आणि वर्षभराने एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला, त्याने फायरवॉल सगळ्यांसाठी डिफॉल्टने चालू केली, त्यामुळे काही जुने प्रोग्राम अडले, लोक चिडले, पण निर्णय योग्यच होता. व्हिस्टाच्या परवानगीच्या खिडकीबद्दलही तेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते यावर खूप आरडाओरडा झाला, पण एन्क्रिप्शनच्या किल्ल्या वेगळ्या सुरक्षित जागी ठेवायच्या हा विचार पोकळ नाही, त्यासाठी चालते कॉम्प्युटर बाजूला पडले याचं दुःख मात्र खरं आहे. पण या सगळ्या उदाहरणांमध्ये बदल आणि धोका यांचं नातं एका वाक्यात सांगता येतं. फायरवॉल का, तर बाहेरून वर्म येतात म्हणून. आता स्टार्ट मेनूतल्या ‘शिफारस’ विभागात स्टोअरमधल्या ॲप्सची जाहिरात, जी एप्रिल २०२४ च्या अपडेटमधून विंडोज ११ मध्ये सगळ्यांकडे यायला लागली, ती कुठल्या धोक्यापासून वाचवते? विजेट्समधल्या बातम्या कुठलं भोक बुजवतात? सीमारेषेवर काही गोष्टी असतील आणि तिथे वाद होईल, तो होऊ दे. पण सीमारेषेवर थोडं धुकं आहे म्हणून दोन्ही बाजूंची जमीन एकच असं म्हणता येत नाही.

मग येतो इंजिनिअरिंगचा मुद्दा, जो मला सगळ्यात आदराने घ्यावासा वाटतो. प्रत्येकाने आपल्याला हवे ते पॅच निवडून लावले तर कोट्यवधी कॉम्प्युटर कोट्यवधी वेगळ्या अवस्थांमध्ये असतात आणि कुठल्याच अवस्थेची नीट टेस्टिंग झालेली नसते. विंडोज ७ च्या काळात असंच होतं, यादीतून एकेक पॅच टिक करायचा किंवा सोडायचा. म्हणून ऑक्टोबर २०१६ पासून मायक्रोसॉफ्टने ७ आणि ८.१ साठी सगळं एकत्र करून महिन्याला एक गठ्ठा द्यायला सुरुवात केली. कारण खरं होतं. पण त्याच वेळी त्यांनी संस्थांसाठी ‘फक्त सुरक्षा’ असाही एक वेगळा गठ्ठा ठेवला होता, म्हणजे दोन वेगळे प्रवाह चालवता येतात हे त्यांनीच करून दाखवलं. त्यातही जुलै २०१९ मध्ये विंडोज ७ च्या ‘फक्त सुरक्षा’ गठ्ठ्यात टेलिमेट्रीशी, म्हणजे वापराची माहिती कंपनीकडे पाठवण्याशी, संबंधित घटक घुसला, आणि तो प्रवाह मुद्दाम निवडणाऱ्यांना वाटलं की आता पाटीवरच्या नावावरही भरवसा ठेवायचा नाही. आजही विंडोजची एक आवृत्ती अशी आहे जिला वर्षानुवर्षं नवीन फीचर येत नाही, फक्त पॅच येतात, तिला लॉन्ग टर्म सर्व्हिसिंग चॅनल म्हणतात. विंडोज १० च्या या प्रकारातल्या एका आवृत्तीला, जी मशीन आणि उपकरणांमध्ये बसवण्यासाठी असते, जानेवारी २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. त्याच विंडोज १० चा सामान्य माणसासाठीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पॅच लिहिले जाणारच आहेत, टेस्टही होणार आहेत. एटीएमला आणि हॉस्पिटलच्या मशीनला शांतपणे काम करण्याचा हक्क आहे, कारण त्यांचं काम महत्त्वाचं, मग घरी बसून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचं किंवा दुकानाची खाती लिहिणाऱ्याचं काम महत्त्वाचं नाही का? लिनक्समध्ये हीच सोय कोणालाही फुकट मिळते, उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस आवृत्ती पाच वर्षं पॅच घेत राहते, डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या स्टेबल आवृत्तीत तर सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या सोडून शक्यतो काहीच बदलत नाहीत. फायरफॉक्सनेही ब्राउझरसारख्या सतत बदलणाऱ्या गोष्टीत अशी संथ आवृत्ती ठेवलेली आहे. पैसा आणि माणसं कमी असलेल्यांना जमतं ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांना परवडत नाही, हे मला पटत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. २०१९ च्या मे मध्ये विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीतही वर्षातलं मोठं फीचर अपडेट कधी घ्यायचं ते माणसाला ठरवता यायला लागलं, हा चांगला बदल होता. पण विंडोज ११ मध्ये नवीन गोष्टी फक्त वार्षिक अपडेटमधून येत नाहीत, महिन्याच्या नेहमीच्या अपडेटमधूनही थोड्या थोड्या येतात. कोपायलट हा एआय मदतनीस २०२३ च्या शरद ऋतूत असाच आला. ‘नवीन अपडेट मिळताक्षणी घ्या’ हे बटण बंद ठेवलं तरी फीचर फक्त उशिरा येतं, नको म्हणता येत नाही. म्हणजे पुढचं दार बंद करता येतं आणि मागचं उघडंच.

आणि या मिसळीची किंमत शेवटी सुरक्षाच मोजते, हा माझा मुख्य मुद्दा आहे. २०१६ मध्ये विंडोज १० चा फुकट अपग्रेड लोकांच्या मागे लागला होता, त्या खिडकीचा कोपऱ्यातला फुलीचा बटण दाबला तरी ठरलेला अपग्रेड रद्द व्हायचा नाही, तो ठरल्या वेळी व्हायचा. विंडोज ९५ पासून वीस वर्षं फुली म्हणजे ‘नको’ असं शिकवलं आणि मग फुलीला होकार मानलं. पुढे कंपनीच्याच मार्केटिंग प्रमुखांनी आपण मर्यादा ओलांडली असं मान्य केलं. पण तोपर्यंत कित्येकांनी चिडून अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाकली होती, त्यात पॅचही गेले. ऑक्टोबर २०१८ चं फीचर अपडेट तर काही दिवसांत थांबवावं लागलं, कारण ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते त्यांच्या जुन्या जागेवरच्या फाइल्स उडत होत्या. ज्या माणसाच्या फाइल्स अपडेटने घालवल्या त्याला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार की अपडेट वेळेवर घेत जा? कोणी म्हणेल सुरक्षेची अपडेटसुद्धा बिघडतात, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकवली आणि विमानतळं ठप्प झाली. खरंय, ते एका सुरक्षा सॉफ्टवेअरचंच अपडेट होतं. पण त्यावरून निष्कर्ष हाच निघतो की जे सक्तीने आणि घाईने पाठवायचंच आहे ते जितकं छोटं आणि जितकं निवडक असेल तितकं बरं. त्याच्यात आणखी दहा गोष्टी कोंबल्या तर बिघाडाच्या दहा जागा वाढतात.

रिकॉलचं उदाहरण या सगळ्याचा निकाल लावणारं आहे असं मला वाटतं. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की नव्या प्रकारच्या पीसींवर विंडोज दर थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो काढून ठेवेल, म्हणजे मागे कधी काय बघितलं होतं ते शोधता येईल. सुरक्षा तज्ज्ञांनी बघितलं तर त्यातली माहिती साध्या डेटाबेसमध्ये, लॉगिन केलेल्या माणसाच्या कुठल्याही प्रोग्रामला वाचता येईल अशी पडलेली. गदारोळ झाला, फीचर पुढे ढकललं, आणि एप्रिल २०२५ मध्ये आलं तेव्हा ते आपण होऊन चालू केल्याशिवाय चालू होत नव्हतं, साठा एन्क्रिप्ट केलेला होता आणि उघडताना चेहरा, बोट किंवा पिन मागत होतं. कल्पना तीच, फक्त विचारणं आलं आणि कुलूप आलं. सगळे आक्षेप संपले नाहीत, सिग्नल या मेसेजिंग ॲपने तर मे २०२५ मध्ये आपल्या विंडोज ॲपमधल्या गप्पांचे असे फोटो निघूच नयेत अशी सोय केली, कारण समोरच्याने रिकॉल चालू केलं असेल तर माझी संमती कोणी विचारली? पण ज्याला स्मरणशक्तीच्या त्रासामुळे अशी मदत हवी आहे त्याला ती मिळाली आणि ज्याला नको त्याच्या कॉम्प्युटरवर ती चालू झाली नाही. पहिल्याच दिवशी असं केलं असतं तर काय बिघडलं असतं? मुक्त सॉफ्टवेअरवालेही याच परीक्षेत नापास झालेले आहेत, २०१२ मध्ये उबुंटूने स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या फाइल शोधायच्या जागेत ॲमेझॉनवरच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली, डिफॉल्टने चालू, आणि १६.०४ या आवृत्तीत ते बंद करून द्यायला २०१६ उजाडलं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, फीचर बंद ठेवून पाठवलं तर कोणाला कळणारच नाही, बहुतेक लोक सेटिंग उघडतच नाहीत. लोक सेटिंग उघडत नाहीत हे बरोबर आहे, आणि म्हणूनच डिफॉल्ट ठरवणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते. जो माणूस सेटिंग उघडणार नाही त्याच्या वतीने तुम्ही निर्णय घेताय, तर तो त्याच्या बाजूने घ्या. आणि कळण्याचं म्हणाल तर अपडेटनंतर एकदा साधी खिडकी दाखवा, हे नवीन आहे, हे असं दिसतं, चालू करायचं का, हो किंवा नाही, आणि नाही म्हटल्यावर परत विचारू नका. ‘नंतर आठवण करा’ हा एकमेव दुसरा पर्याय नको. नोटपॅडमध्ये टॅब आले, फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आले, आरएआर आणि सेव्हन-झिप फाइल्स थेट उघडायला लागल्या, हे लोकांनी आनंदाने घेतलंच की, कारण त्यात काही हिरावून घेतलेलं नव्हतं.

फीचरशिवाय सिस्टीम विकली जात नाही म्हणणाऱ्यांनी २००९ आठवावं. ॲपलने स्नो लेपर्ड आणताना स्टेजवरून सांगितलं होतं की यात नवीन फीचर शून्य, सगळी मेहनत आतल्या सफाईवर. जुन्या व्हर्जनवरून अपग्रेडची किंमत २९ डॉलर, आणि डिस्कवर जागाही मोकळी व्हायची. तीही निर्दोष नव्हती, सुरुवातीला तिच्यात गेस्ट अकाउंटने लॉगिन केल्यावर मुख्य अकाउंटमधला डेटा पुसला जाण्याची भयंकर चूक होती, ती नोव्हेंबरमध्ये दुरुस्त झाली. त्यामुळे फीचर नसली की चुका नसतात असं मी म्हणणार नाही. पण लोकांनी तिच्यासाठी पैसे मोजले, आणि मॅकच्या काचेसारख्या दिसणाऱ्या, २०२५ च्या टाहो व्हर्जनबद्दल भांडताना मॅकवाले अजून तिचं नाव काढतात, यावरून शांतपणाला गिऱ्हाईक आहे एवढं तरी सिद्ध होतं.

आणि हे सगळं मागून मिळतं का? मिळतं, मिळालेलं आहे. युरोपच्या डिजिटल मार्केट्स ॲक्ट या मोठ्या टेक कंपन्यांसाठीच्या कायद्यामुळे २०२४ च्या मार्चपासून तिथल्या विंडोज वापरणाऱ्यांना एज ब्राउझर काढून टाकता येतो, सर्चमधून बिंग काढता येतं. विंडोज १० चा सपोर्ट संपताना पुढच्या एका वर्षाच्या पॅचसाठी आधी सगळ्यांनाच ३० डॉलर, किंवा रिवॉर्ड पॉइंट्स, किंवा सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर, यातलं एक निवडायला सांगितलं होतं, युरोपातल्या ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्यांसाठी या अटी काढल्या, फक्त कंपनीच्या अकाउंटने लॉगिन ठेवायची अट राहिली. विंडोज तीच, पॅचही तेच. एजचं अनइन्स्टॉल बटण आपल्या कॉम्प्युटरवरही लिहिलेलं आहे, फक्त कॉम्प्युटर कुठल्या प्रदेशात आहे ते बघून ते चालू करायचं की नाही हे ठरतं.